न वाजणारी धूळ
कॅल्डर हॉल अणुवीज केंद्रातील अॅस्बेस्टॉस आणि ते काढण्याचा इतिहास

१७ ऑक्टोबर १९५६ रोजी इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर कॅल्डर नदीकाठी राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या हस्ते कॅल्डर हॉल अणुवीज केंद्राचे उद्घाटन झाले. औद्योगिक प्रमाणावर सार्वजनिक वीजजाळ्याला वीज पुरवणारे जगातले हे पहिले अणुकेंद्र. त्याची वीज प्रथम जवळच्या वर्किंग्टन गावात पोहोचली. दोनच महिने आधी, ४ ऑगस्टला, तुर्भ्याच्या किनाऱ्यावर ब्रिटनमधून आलेल्या इंधनावर आपली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली होती. अणूविषयी जगभर उमेद दाटून आली होती असा तो काळ होता.

कॅल्डर हॉलच्या त्या काळच्या छायाचित्रांत ८८ मीटर उंचीचे चार शीतक मनोरे प्रथम नजरेत भरतात. अणुभट्टीच्या चार इमारती आणि त्यांच्या कोपऱ्यांशी उभे असलेले सोळा उंच दंडगोल त्यानंतर दिसतात. हे दंडगोल म्हणजे हीट एक्स्चेंजर, भट्टीच्या उष्णतेपासून वाफ तयार करणारी पात्रे. बाहेरून दिसतो तो पत्रा. त्या पत्र्याखाली अॅस्बेस्टॉसचा जाड थर होता. केंद्र बंद झाल्यावर हीट एक्स्चेंजर आणि टर्बाइनच्या दालनांतून एकूण दोन हजार टनांहून अधिक अॅस्बेस्टॉसयुक्त माल काढावा लागला. युरोपातल्या या प्रकारच्या सर्वांत मोठ्या कामांमध्ये त्याची गणना होते.

अणुकेंद्राचा इतिहास लिहिताना युरेनियम, प्लुटोनियम, शास्त्रज्ञ, पंतप्रधान आणि अपघात यांना जागा मिळते. पाइपांवर आवरण चढवणारा आणि अर्ध्या शतकाने ते उतरवणारा कामगार सहसा त्यात नसतो. या लेखाचा विषय तोच आहे. एकाच जागी दोन अदृश्य धोके होते. त्यांपैकी एकाची पहिल्या दिवसापासून मोजदाद झाली, दुसऱ्याची झाली नाही. या फरकाची किंमत पुढच्या पिढ्यांना कशी मोजावी लागली, ते पाहायचे आहे.

आवरण चढवताना

कॅल्डर हॉलची रचना समजायला सोपी आहे. ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांमध्ये मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत गुंडाळलेल्या नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या, आणि त्यांमधून दाबाखाली फिरवलेला कार्बन डायऑक्साइड वायू. हा वायू सुमारे १४० अंश सेल्सियसला भट्टीत शिरे आणि तीनशे अंशांच्या वर तापून बाहेर पडे. मग जाड नळांतून हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन तो पाण्याची वाफ करी. वाटेत उष्णता वाया गेली तर वीज कमी मिळणार. कंबरलँडचा पाऊस आणि समुद्रवारा सोसत उघड्यावर उभ्या असलेल्या या पात्रांना म्हणूनच जाड गोधडी हवी होती.

१९५० च्या दशकात ही गोधडी म्हणजे अॅस्बेस्टॉस, याविषयी कुणालाच शंका नव्हती. तो जळत नाही, कुजत नाही, उष्णता अडवतो, शिवाय स्वस्त. तो खडकातून निघत असला तरी कापसासारखा पिंजता येतो. त्याच्या पट्ट्या, फळ्या, दोऱ्या बनत. वाकड्यातिकड्या जोडांवर त्याची भुकटी पाण्यात कालवून हाताने लिंपत. या लगद्याला ब्रिटिश कामगार थट्टेने ‘माकडाचे शेण’ म्हणत. हे काम करणाऱ्यांना तिकडे ‘लॅगर’ म्हणतात. फळ्या करवतीने कापायच्या, कोरडी भुकटी पोत्यातून पिंपात ओतायची, सांडलेली झाडून काढायची, हे त्यांचे रोजचे काम. या प्रत्येक पायरीला धूळ उडे.

ही धूळ निरुपद्रवी आहे असे तेव्हा कुणाला वाटत होते, असे म्हणता येत नाही. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावातील टर्नर ब्रदर्सच्या अॅस्बेस्टॉस गिरणीत काम केलेली नेली कर्शॉ १९२४ मध्ये वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिच्या आजाराविषयी लिहिले. १९३० मध्ये सरकारी वैद्यकीय निरीक्षक मेरेवेदर आणि अभियंता प्राइस यांचा अहवाल आला आणि १९३१ मध्ये ब्रिटनने अॅस्बेस्टॉस कारखान्यांसाठी नियम केले. पण त्या नियमांची नजर मुख्यतः माल तयार करणाऱ्या गिरण्यांवर होती. तोच माल दुसऱ्याच्या आवारात बसवणारा लॅगर जवळजवळ सगळाच त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्याच कामगारांच्या अभ्यासातून अॅस्बेस्टॉस आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवले. त्या वर्षी कॅल्डर हॉलचे बांधकाम जोरात चालू होते. सर्व वापरांना लागू होणारे नियम १९६९ मध्ये केले गेले, तोपर्यंत कॅल्डर हॉलच्या चारही भट्ट्या चालू होऊन दहा वर्षे होत आली होती.

फिल्म बॅज आणि कोरी पाटी

याच आवारात दुसऱ्या धोक्याशी फार वेगळे वर्तन होत होते. किरणोत्साराच्या क्षेत्रात शिरणाऱ्याच्या छातीवर फिल्म बॅज असे. ठरावीक काळाने ती फिल्म धुऊन तिच्या काळेपणावरून त्या माणसाला मिळालेली मात्रा काढली जाई आणि त्याच्या नावावर नोंदली जाई. गायगर काउंटर टिकटिक वाजून धोका जवळ असल्याचे सांगे. दाराशी हातपाय तपासणारी यंत्रे होती.

या काळजीमागे केवळ दयाबुद्धी नव्हती. किरणोत्साराचा शोध भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागला, त्यामुळे त्याचे मोजमाप त्याच्या जन्माबरोबरच आले. क्ष-किरण आणि रेडियम हाताळणाऱ्यांची हानी दिसल्यावर १९२८ मध्येच त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. अॅस्बेस्टॉस मात्र खाणीतून आणि गिरणीतून आला होता. तो वाजत नाही, चमकत नाही, फिल्म काळी करत नाही. त्याचा तंतू पाहायचा तर हवा गाळणीतून ओढून गाळणीचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो, आणि डोळ्यांनी एकेक तंतू मोजावा लागतो. शिवाय त्याचा परिणाम दिसायला वीस, तीस, कधी चाळीसहून जास्त वर्षे जातात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि कंत्राटदाराची कंपनी बुडालेली असते.

मोजलेल्या आणि न मोजलेल्या धोक्यातले हे अंतर पुढे न्यायालयांत आणि नुकसानभरपाईच्या कचेऱ्यांत दिसले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९८६ मध्ये कॅल्डर हॉल ज्याचा भाग आहे त्या सेलाफील्डच्या चौदा हजारांहून अधिक कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास छापून आला. तो शक्य झाला, कारण किरणोत्साराच्या मात्रेच्या नोंदी हाताशी होत्या. १९८२ मध्ये तिथल्या व्यवस्थापनाने आणि कामगार संघटनांनी मिळून भरपाईची एक योजना सुरू केली. कर्करोग झालेल्या कामगाराच्या नोंदवलेल्या मात्रेवरून तो रोग किरणोत्सारामुळे होण्याची शक्यता किती, याचे गणित मांडायचे आणि त्या प्रमाणात रक्कम द्यायची. न्यायालयात न जाता हे होई.

अॅस्बेस्टॉसच्या रुग्णाकडे असे काहीच नव्हते. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग मुख्यतः अॅस्बेस्टॉसमुळे होतो, हे १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने पुढे आले होते. पण चार मालकांकडे काम केलेल्या लॅगरला तो नेमका कुणाच्या धुळीने झाला, हे कोण सांगणार? मात्रेची नोंद नाही, म्हणून पुरावा नाही, म्हणून भरपाई नाही, अशी ही साखळी होती. अखेर २००२ मध्ये ‘फेअरचाइल्ड’ खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सला पुराव्याचा जुना नियम बाजूला ठेवावा लागला. ज्या मालकाने निष्काळजीपणाने धोका लक्षणीय वाढवला तो जबाबदार, असे न्यायमूर्तींनी ठरवले. अमेरिकेतही हाच क्रम दिसतो. अण्वस्त्र कारखान्यांतील कामगारांसाठी २००० मध्ये झालेल्या कायद्यात संघराज्याने थेट भरपाई दिली ती किरणोत्सार, बेरिलियम आणि सिलिकाच्या आजारांना. अॅस्बेस्टॉससारख्या विषारी पदार्थांच्या रुग्णांना थेट भरपाई मिळाली ती २००४ च्या दुरुस्तीनंतर.

दोन शास्त्रांची ओढाताण

कॅल्डर हॉल ३१ मार्च २००३ रोजी बंद झाले. एव्हाना ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉस काढणे हे परवान्याशिवाय करता न येणारे काम झाले होते. १९८२ मध्ये एका मरणासन्न स्त्री-कामगारावरील दूरचित्रवाणी माहितीपटाने देश हादरला होता. पुढच्या वर्षी परवान्याचे नियम आले. निळ्या आणि तपकिरी अॅस्बेस्टॉसवर १९८५ च्या नियमांनी बंदी आणली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. अॅस्बेस्टॉस काढण्याची रीत तोवर बरीच पक्की झाली होती. किरणोत्सारी जागेत काम करण्याची रीत तर त्याहून जुनी. मात्र दोन्ही धोके एकाच पाइपावर भेटले की या दोन रीती एकमेकींच्या आड येतात.

पहिली आडकाठी पाण्याची. अॅस्बेस्टॉसवाला सांगतो, भिजवा. सुयांच्या पट्टीने आवरणाच्या आत पाणी आणि साबणासारखे द्रावण सोडायचे, थर आतपर्यंत ओला झाला की मग तो उतरवायचा. ओल्या तंतूला उडता येत नाही. अमेरिकेच्या १९७३ च्या पर्यावरण नियमांतही भिजवण्याची अट आहे. किरणोत्सारवाला सांगतो, पाणी लांब ठेवा. पाणी दूषित कण फटींत आणि काँक्रीटमध्ये नेऊन सोडते, आणि जे गळून खाली येते तो द्रवरूप किरणोत्सारी कचरा होतो. अमेरिकेतील ओक रिजच्या के-२५ सारख्या, युरेनियम समृद्ध करणाऱ्या कारखान्यात पाण्याची भीती आणखी निराळी. नळांत विखंडनक्षम युरेनियम साठून राहिले असेल तर पाणी न्यूट्रॉनांचा वेग मंदावते, आणि साखळी क्रिया सुरू होण्याचा धोका वाढतो. तडजोड अशी निघते की पाणी मोजून वापरायचे, खाली गोळा करायचे, आणि जिथे तेही नको तिथे पाइप आवरणासकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून उघड्या भागावर कापायचा आणि अख्खा बाहेर न्यायचा.

दुसरी आडकाठी वेळेची. किरणोत्सारापासून बचावाची तीन सूत्रे आहेत: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. अॅस्बेस्टॉसचे सूत्र मात्र एकच, सावकाश. घाई केली की तुकडा पडतो, तुकडा पडला की धूळ उडते. म्हणजे एका धोक्यासाठी लवकर निघायचे आणि दुसऱ्यासाठी रेंगाळायचे. यावर उपाय आधीच्या तयारीत असतो. जागेचा किरणोत्सार-नकाशा काढायचा, तीव्र ठिकाणे आधी झाकायची किंवा साफ करायची, तेच काम दुसरीकडे तशाच कोऱ्या पाइपावर करून हात बसवून घ्यायचा, आणि माणसे पाळीपाळीने पाठवायची. आजच्या ब्रिटिश कायद्यात किरणोत्सारी कामगाराची मर्यादा वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे. अॅस्बेस्टॉसची मर्यादा चार तासांच्या सरासरीने घन सेंटिमीटर हवेत ०.१ तंतू. एक मर्यादा वर्षाची, दुसरी तासांची. पर्यवेक्षकाला दोन्ही एकाच कागदावर मांडाव्या लागतात.

तिसरी आडकाठी दाराशी येते. अॅस्बेस्टॉसच्या बंदिस्त तंबूतून बाहेर पडताना मुखवटा तोंडावर ठेवूनच अंघोळ करायची असते, म्हणजे कपड्यांवरचा आणि केसांतला तंतू धुऊन जातो. पण प्लुटोनियमसारख्या पदार्थांतून निघणारे अल्फा कण पाण्याच्या पातळ थरानेही अडतात. ओल्या अंगावर मोजणीयंत्र फिरवले तर ते गप्प राहील आणि अंगाला चिकटलेला कण घरी जाईल. म्हणून क्रम बारकाईने ठरवावा लागतो. वरचा पोशाख हळूच आत गुंडाळत उतरवायचा, कोरड्या अंगावर तपासणी करायची, मग अंघोळ, पुसून पुन्हा तपासणी. अंघोळीचे पाणीसुद्धा कुठल्या गटारात जाणार हे आधी ठरलेले असावे लागते.

काम संपल्यावर हवेचा नमुना घेतात. अॅस्बेस्टॉसवाल्याला तो कागद लगेच सूक्ष्मदर्शकाखाली हवा असतो. घन सेंटिमीटरमागे ०.०१ तंतूपेक्षा कमी आल्याशिवाय तंबू मोडता येत नाही. किरणोत्सारवाला म्हणतो, तो कागद आवाराबाहेर जाण्याआधी मला तपासू द्या, आणि निसर्गतः हवेत असलेल्या रेडॉनची पिल्ले त्यावर बसली आहेत, ती विरेपर्यंत थांबा.

गाळणीची उलटी कथा

या ओढाताणीत दोन्ही शास्त्रांनी एकमेकांकडून उसनवारीही केली आहे. अॅस्बेस्टॉसच्या तंबूतली हवा यंत्राने सतत बाहेर ओढतात, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा कमी राहतो आणि फट पडली तरी हवा आतच शिरते. बाहेर ओढलेली हवा अतिसूक्ष्म गाळणीतून जाते. हात आत घालून काम करायची प्लास्टिकची हातमोजा-पिशवी पाइपाच्या जोडाभोवती बांधतात, ती प्लुटोनियमच्या प्रयोगशाळेतल्या हातमोजा-पेटीचीच धाकटी बहीण शोभते.

ज्या गाळणीला आज ‘हेपा’ म्हणतात, तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला, अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पातला. विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी तयार झालेल्या गाळण-कागदावरून ती विकसित झाली. तो कागद वनस्पतींच्या तंतूंत अॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू मिसळून बनत असे, कारण तेवढा बारीक दुसरा तंतू हाताशी नव्हता. पुढे काचतंतूंनी त्याची जागा घेतली. म्हणजे किरणोत्सारी कण अडवण्यासाठी अणुउद्योगाने प्रथम अॅस्बेस्टॉसची मदत घेतली, आणि नंतर अॅस्बेस्टॉस अडवण्यासाठी जगाने अणुउद्योगाची गाळणी घेतली.

दोन घड्याळे

कॅल्डर हॉलच्या निर्णयामागचे खरे कारण यापुढे कळते. केंद्र बंद झाल्यावर भट्ट्या लगेच पाडल्या नाहीत. भट्टीच्या पोलादात तयार झालेल्या कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षे आहे. काही दशके थांबले तर त्याचा मारा फार कमी होतो आणि पाडणाऱ्या माणसाचे काम सुरक्षित होते. थांबणे हेच येथे संरक्षण आहे.

अॅस्बेस्टॉसला अर्धायुष्य नाही. तो आज जितका घातक तितकाच शंभर वर्षांनी. उलट त्याच्यावरचा पत्रा गंजतो, पाऊस आत शिरतो, लिंपण सुटते, वारा सुटलेले तंतू नेतो. थांबण्याने किरणोत्साराचा धोका उतरतो आणि अॅस्बेस्टॉसचा चढतो. एकाच इमारतीत दोन घड्याळे उलट दिशांनी चालत असतात.

म्हणून क्रम ठरला: आधी बाहेरची गोधडी उतरवायची, मग आतल्या भट्टीला थंड होऊ द्यायचे. २९ सप्टेंबर २००७ रोजी चारही शीतक मनोरे सुरुंगांनी पाडले, त्याची चित्रे जगभर दिसली. हीट एक्स्चेंजरवरील अॅस्बेस्टॉस उतरवण्याचे काम मात्र परातींवर आणि तंबूंत, कुणी न पाहता होत राहिले. भट्ट्यांमधले शेवटचे इंधन २०१९ मध्ये निघाले. भट्ट्या स्वतः अजून उभ्या आहेत आणि पुढली काही दशके उभ्या राहतील.

उतरवलेल्या मालालाही दोन नावे मिळतात. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉस आतल्या लाल आणि बाहेरच्या पारदर्शक पिशवीत भरतात आणि परवाना असलेल्या जमिनीत पुरतात. किरणोत्सारी असल्यास ती वाट बंद. मग तो सेलाफील्डजवळच्या ड्रिग येथील, १९५९ पासून चालू असलेल्या अल्प-किरणोत्सारी कचऱ्याच्या कोठाराकडे जातो, जिथली जागा महाग आणि मर्यादित आहे. त्यामुळे अणुकेंद्रातल्या प्रत्येक पोत्याविषयी आधी ठरवावे लागते की हा साधा अॅस्बेस्टॉस आहे की किरणोत्सारी. इथेही मोजमापच निवाडा करते.

नोंदवहीतले कोरे पान

या कथेचा आपल्याशी धागा आहे, तो रॉचडेलमधून येतो. टर्नर ब्रदर्सपासून वाढलेल्या टर्नर अँड न्यूऑल या कंपनीच्या उपकंपन्या मुंबईतही होत्या. घाटकोपरचा हिंदुस्थान फेरोडो हा त्यांतला एक कारखाना. भारतात पांढरा अॅस्बेस्टॉस आजही कायदेशीरपणे आयात होतो आणि त्याचे सिमेंटचे पत्रे गावोगाव छपरांवर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि मालकांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी संपल्यानंतरही दीर्घकाळ सांभाळाव्यात असे सांगितले. न्यायालयाचे लक्ष नोंदीवर गेले, हे महत्त्वाचे. तुर्भ्याची सायरस अणुभट्टी २०१० च्या अखेरीस थांबली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. जुन्या वास्तू उतरवण्याची वेळ आपल्याकडेही येत राहणार आहे.

ब्रिटनमध्ये गेल्या दशकात मेसोथेलिओमाने वर्षाला सुमारे अडीच हजार माणसे मेली. त्यांतल्या बहुतेकांनी १९५० ते १९८० या काळात धूळ खाल्ली होती. कॅल्डर हॉलपासून दूर नसलेल्या बॅरो या जहाजबांधणीच्या गावी, जिथे १९६० मध्ये ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी पाण्यात उतरली, या रोगाचे प्रमाण देशातल्या सर्वांत वरच्यांत आहे. त्या पिढीत एकाच आवारात शेजारी शेजारी काम करणारे दोन माणूस आपण डोळ्यांपुढे आणू शकतो. एकाच्या छातीवर बॅज आणि कचेरीत त्याच्या नावाचे पान. दुसऱ्याच्या हातात लिंपणाचे पिंप, आणि त्याच्या नावाचे पान नाही, कारण तो कंत्राटदाराचा माणूस.

हे आवरण उतरवण्याची जी काळजीपूर्वक रीत आज आहे, ती त्या दुसऱ्या माणसाच्या पानाची उशिरा केलेली भरपाई आहे. तिच्यात आता तंबू, मुखवटा, गाळणी यांच्याइतकीच एक गोष्ट सक्तीची असते: आत कोण गेला, किती वेळ होता, त्याच्या श्वासाजवळच्या हवेत किती तंतू होते आणि त्याच्या बॅजवर किती मात्रा आली, हे लिहून ठेवणे. ब्रिटिश नियमांनुसार अॅस्बेस्टॉसच्या परवानाधारी कामगाराची आरोग्यनोंद चाळीस वर्षे जपावी लागते. चाळीस वर्षे, कारण ही धूळ तेवढा काळ वाट पाहू शकते. तिला अर्धायुष्य नसल्यामुळे, तिच्यापेक्षा जास्त टिकणारे काही करायचे असेल तर ते कागदावरच करावे लागते.